मोतीबिंदू फोटोवरून मोजायचा, तर आधी कॅमेऱ्याला शिस्त लावा

प्रश्न थोडक्यात असा: "मी ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी आहे. स्लिट लॅम्पच्या, म्हणजे फटीतून उजेड टाकून डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाच्या, आयपीसला मोबाइल लावून मी डोळ्यांचे फोटो काढतो. माझा भाचा संगणकशास्त्र शिकतो. त्याने एक प्रोग्राम लिहिलाय, तो फोटो बघून मोतीबिंदू किती टक्के आहे ते सांगतो. पण एकाच आजींच्या एकाच डोळ्याला सकाळी 38 टक्के आले आणि दुपारी 52. आकडा असा का हलतो? तो भरवशाचा करता येईल का? आणि त्यावरून ऑपरेशनला कुणाला पाठवायचे ते ठरवता येईल का?"

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, दुसऱ्याचे कष्टाचे आहे आणि तिसऱ्याचे सरळ 'नाही' असे आहे. ते 'नाही' का, हे समजले तर भाच्याची मेहनत योग्य जागी लागेल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आजींचा मोतीबिंदू सकाळपासून दुपारपर्यंत वाढला नाही. बदलला तो फोटो. मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक फोटो डोळ्याला बरा दिसेल अशा बेताने उजेड स्वतःच कमीजास्त करतो. समोर डोळ्यातले पांढरट भिंग आले की एक्स्पोजर उतरवतो, काळसर आले की चढवतो. म्हणजे आपल्याला जो फरक मोजायचाय तोच तो पुसून टाकतो. शिवाय व्हाइट बॅलन्स प्रत्येक फोटोला वेगळा, कडा ठसठशीत करणे वेगळे, एचडीआर, म्हणजे उजळ-गडद भाग आपोआप सांधणे, वेगळे. यातली प्रत्येक गोष्ट आकड्यात शिरते.

दुसरी गोष्ट भाच्याला माहीत असेल, पण प्रोग्राम लिहिताना ती हमखास विसरली जाते. जेपेग फोटोतला पिक्सेलचा आकडा प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतो. 200 म्हणजे 100 च्या दुप्पट उजेड नव्हे. उजेडाचा पिक्सेल-आकडा करताना कॅमेरा जो वाकडा हिशेब लावतो त्याला गॅमा म्हणतात. नेहमीचा गॅमा 2.2 धरला तर तो साधारण साडेचार पट उजेड असतो. तेव्हा पिक्सेलची सरासरी काढून 'भिंग इतके टक्के गढूळ' म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने काही न बदललेली मूळ नोंद, घ्या, नाहीतर निदान गॅमा उलटवून मगच हिशेब करा. आणि 255 या सर्वांत वरच्या आकड्याला टेकलेला पिक्सेल हिशेबातून बाद करा, कारण तिथे खरा उजेड किती होता हे फाइललाच माहीत नाही.

तिसरे कारण तुमच्या हातातले आहे. सकाळी ड्रॉप घातल्यावर बाहुली पूर्ण उघडली असेल आणि दुपारपर्यंत ती आकसली असेल. फटीची रुंदी बदलली असेल, प्रकाशाचा कोन बदलला असेल, खोलीचा पडदा उघडा राहिला असेल. म्हणून पहिले काम प्रोग्रामला हात न लावता करायचे. एक्स्पोजर, आयएसओ, फोकस आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअलवर लॉक करा. फटीची रुंदी, उंची, कोन आणि मोठेपणाचे बटण यांची एकच जागा ठरवून त्यावर चिकटपट्टीची खूण करा. ओपीडी सुरू करण्याआधी हनुवटीच्या पट्टीजवळ करड्या रंगाचे कार्ड धरून त्याच सेटिंगवर एक फोटो काढा. कार्डाचा आकडा कालच्यापेक्षा सरकला असेल, तर बल्ब म्हातारा झालाय किंवा कुणीतरी बटण फिरवलेय, हे रुग्ण बसण्याआधीच कळते. फ्लुरेसिन हे रंगद्रव्य लावून डोळ्याचे प्रेशर तपासायचे असेल तर फोटो त्याच्या आधी काढा. तो पिवळा-हिरवा रंग डोळ्यात राहिला की रंगाचे सगळे मोजमाप बिघडते.

आता मूळ मुद्दा. 'मोतीबिंदू किती टक्के' हा प्रश्नच चुकीचा मांडला गेलाय. मोतीबिंदू एक नसतो. गाभ्याचा म्हणजे न्यूक्लियर, बाहेरच्या थरांतला म्हणजे कॉर्टिकल, आणि मागच्या आवरणाला चिकटलेला, ज्याला आपण ओपीडीत पीएससी म्हणतो, असे तीन वेगळे प्रकार एकाच भिंगात नांदतात. तिघांचा फोटो वेगळ्या पद्धतीने काढावा लागतो आणि तिघांचे माप वेगळे असते. तिघांची बेरीज करून एक टक्केवारी काढली की ती कशाचीच राहत नाही.

माणसांनी हे कधीच ओळखले होते. 1993 मध्ये लिओ चायलॅक आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली लॉक्स-3 पद्धत आजही संशोधनात सर्वांत जास्त वापरली जाते. तिच्यात गाभ्याच्या धूसरपणासाठी आणि रंगासाठी सहा प्रमाण-फोटो आहेत, कॉर्टिकलसाठी पाच आणि पीएससीसाठी पाच. डॉक्टर समोरचा डोळा त्या फोटोंशी ताडून पाहतो आणि दशांशात गुण देतो: गाभ्याला 0.1 ते 6.9, बाकी दोघांना 0.1 ते 5.9. आपण केसपेपरवर गाभ्यासाठी एनएस टू, एनएस थ्री असे ग्रेड लिहितो ती याचीच घाईतली आवृत्ती. जागतिक आरोग्य संघटनेच्या गटाने 2002 मध्ये आणखी सुटसुटीत पद्धत दिली. तीत कॉर्टिकल मोतीबिंदू परिघाच्या किती भागात पसरलाय ते बघतात आणि पीएससीची उभी उंची मिलिमीटरमध्ये मोजतात. तुमच्या कामाला मला ती जवळची वाटते, कारण परीघ आणि मिलिमीटर या संगणकाला नेमक्या येणाऱ्या गोष्टी आहेत.

गाभ्यापासून सुरुवात करा. 45 अंशांवरून बारीक फट टाकून काढलेला फोटो घ्या, भिंगाच्या मधून आडवी रेघ ओढा आणि रेघेवरच्या पिक्सेलची उजळता आलेखावर मांडा. पहिला उंच सुळका कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा. मग खोल दरी, तो पुढचा पाण्याचा कप्पा. निरोगी डोळ्यात तो जवळपास काळा दिसतो. पुढे भिंगाच्या पुढच्या आवरणाचा सुळका, त्यामागे कॉर्टेक्सची उतरंड, मग गाभ्याचे रुंद पठार आणि पठाराच्या मधोमध एक घळ. शेवटी मागच्या आवरणाचा छोटा उंचवटा. गाभा जून होत जातो तसे पठार वर उचलले जाते आणि मधली घळ बुजत जाते. तुम्ही स्लिट लॅम्पवर नजरेने हेच वाचता. भाच्याला सांगा, आधी प्रत्येक डोळ्याचा हा आलेख कागदावर काढून बघ. पाण्याच्या कप्प्याची उजळता गाभ्याच्या उजळतेतून वजा करायची. ती पार्श्वभूमी आहे. रंगासाठी लाल आणि निळ्या चॅनेलचे गुणोत्तर घ्यायचे. गाभा पिवळा, मग तपकिरी होतो तसा निळा प्रकाश आत जिरत जातो आणि हे गुणोत्तर चढते. पन्नास-साठ डोळ्यांचे आलेख शेजारी शेजारी ठेवले की कुठला आकडा कामाचा आणि कुठला फसवा, हे कुठल्याही मॉडेलपेक्षा लवकर समजते.

कॉर्टिकल आणि पीएससीला हा फोटो चालत नाही. त्यांना रेट्रोइल्युमिनेशन लागते, म्हणजे प्रकाश दृष्टिपटलावर टाकायचा आणि परत येणाऱ्या लालसर उजेडात भिंगाची सावली बघायची. कॉर्टिकलच्या आऱ्या काळ्या पाचरींसारख्या कडेकडून आत शिरलेल्या दिसतात, पीएससी मधोमध डागासारखा. इथे बाहुलीचे वर्तुळ शोधून, आतला गडद भाग वेगळा करून क्षेत्रफळ काढता येते. अडचणी दोन. लाल उजेड सगळीकडे सारखा नसतो, म्हणून 'इतक्याहून गडद ते मोतीबिंदू' असा एकच उंबरठा संपूर्ण फोटोला लावला तर एका बाजूची निरोगी जागाही मोतीबिंदूत गणली जाते. आजूबाजूच्या भागावरून ठरणारा, स्थानिक उंबरठा लावा. दुसरी अडचण कॉर्नियावर पडणाऱ्या दिव्याच्या चमकेची. तो पांढरा ठिपका नेमका मध्यावर बसला तर पीएससी त्याच्याखाली दडतो. दिवा किंचित बाजूला सरकवून दुसरा फोटो काढणे हाच खरा उपाय. सॉफ्टवेअरने तो ठिपका भरून काढणे म्हणजे जिथे माहिती नाही तिथे ती कल्पनेने लिहिणे. आणि फोटो दोन पातळ्यांवर घ्या, एकदा पुढच्या आवरणावर फोकस करून, एकदा मागच्या.

क्षेत्रफळाच्या टक्केवारीत एक मोठा सापळा आहे. समजा, ड्रॉप घालून बाहुली 7 मिलिमीटर उघडली आहे आणि मधोमध 2 मिलिमीटरचा पीएससी आहे. दोनचा वर्ग भागिले सातचा वर्ग, म्हणजे जेमतेम 8 टक्के. प्रोग्राम म्हणेल, किरकोळ आहे. आता तोच माणूस दुपारच्या उन्हात एसटी चालवतोय. बाहुली अडीच मिलिमीटरवर आली. तोच डाग आता 64 टक्के वाट अडवतो. पीएससीचा रुग्ण आपल्याला सांगतो ना, "डॉक्टर, संध्याकाळी बरं दिसतं, उन्हात गेलो की सगळं पांढरं होतं"? ते हेच. म्हणून पूर्ण बाहुलीची टक्केवारी देऊ नका. मधल्या 3 मिलिमीटरचा आकडा वेगळा द्या. याच उदाहरणात तो 44 टक्के येईल. अमेरिकेतल्या एरेड्स या मोठ्या अभ्यासात कॉर्टिकल आणि पीएससी भिंगाच्या मधल्या 5 मिलिमीटरच्या वर्तुळात मोजले गेले. ठरलेले वर्तुळ घेण्याचा आणखी एक फायदा म्हणजे बाहुली थोडी कमीजास्त उघडली तरी भाजक बदलत नाही. तुमच्या आजींच्या आकड्यात 38 चे 52 होण्यात याचा वाटा असणार, असा माझा अंदाज आहे.

महागड्या यंत्रांबद्दल थोडे. स्लिट लॅम्पच्या फोटोत भिंगाचा पुढचा आणि मागचा भाग एकदम फोकसमध्ये येत नाही. ऑस्ट्रियाचे थिओडोर शाइम्पफ्लुग हवाई छायाचित्रणात गुंतले होते. त्यांनी 1904 च्या पेटंटात दाखवले की कॅमेऱ्याचे भिंग आणि फिल्म एकमेकांशी तिरकी ठेवली तर तिरका प्रतल आख्खा स्पष्ट उतरतो. पुढे बॉनमध्ये ओटो हॉकविन यांच्या गटाने ही युक्ती मोतीबिंदू मोजायला वापरली, आणि आजचे पेंटाकॅम हे यंत्र त्याच तत्त्वावर फिरत फिरत फोटो घेतो आणि भिंगाची घनता 0 ते 100 मध्ये देतो. गाभ्यासाठी ते उत्तम आहे. पण पेंटाकॅमचा प्रकाश निळा, साधारण 475 नॅनोमीटरचा. काळ्या-तपकिरी गाभ्यात तो इतका जिरतो की मागचा भाग अंधारात जातो. पुढे दाट कॉर्टिकल असेल तर त्याची सावलीही मागे पडते. पीएससी तिथे हुकू शकतो. तेव्हा यंत्र नाही म्हणून हळहळू नका. तुमच्या स्लिट लॅम्पला शिस्त लावली तर बरेच काम होते.

आता ज्या गोष्टीवर तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर उभे आहे, ती सांगतो. पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात धुक्यातून गाडी चालवलीय का? आपलेच हेडलाइट धुक्यावर आपटून परत डोळ्यात येतात, समोर पांढरी भिंत उभी राहते. आणि समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा त्याच धुक्यातून फुटून फुगतो, रस्ताच दिसेनासा होतो. धुके एकच, पण प्रकाशाचे विखुरणे दोन दिशांचे. स्लिट लॅम्पचा किंवा पेंटाकॅमचा कॅमेरा भिंगातून मागे परतणारा प्रकाश मोजतो. रुग्णाला त्रास होतो तो पुढे, दृष्टिपटलाकडे विखुरणाऱ्या प्रकाशाचा. दोघांचे नाते आहे, पण ते घट्ट नाही. भिंगातले कण किती मोठे, कुठे, कसे पसरलेत यावर ते बदलते.

म्हणून गाभ्याच्या मोतीबिंदूचा मोठा आकडा असलेल्या आजी चष्म्याशिवाय पोथी वाचताना दिसतात. गाभा जड होतो तसा डोळ्याचा नंबर उणेकडे सरकतो आणि जवळचे स्पष्ट दिसू लागते. आणि ज्याचे भिंग फोटोत जवळजवळ स्वच्छ वाटते असा सोनार मधल्या बारीक पीएससीमुळे धंदा बंद करून बसलेला असतो. पुढे विखुरणारा प्रकाश मोजणारी यंत्रे आहेत. त्यांतले एचडी अ‍ॅनलायझर 780 नॅनोमीटरचा अवरक्त ठिपका डोळ्यात पाठवतो, परत आलेल्या ठिपक्याचा मध्य आणि भोवतीचे वलय यांच्यातल्या उजेडाचे गुणोत्तर काढतो. ते 1 च्या खाली असेल तर डोळा स्वच्छ समजतात. 1 ते 3 मध्ये मोतीबिंदूची सुरुवात धरतात. तुमच्याकडे ते यंत्र नाही, पण टॉर्च आहे. तक्ता वाचायला लावून बाजूने टॉर्च मारा आणि ओळी किती घसरतात ते लिहा. ती नोंद फोटोच्या आकड्याशेजारी असलीच पाहिजे.

डीप लर्निंगबद्दल, म्हणजे हजारो फोटो दाखवून संगणकाला स्वतः शिकू देण्याबद्दल, तुम्ही विचारले नाहीत, पण भाचा विचारणारच. सिंगापूरच्या संशोधकांनी 2015 मध्ये स्लिट लॅम्पच्या 5378 फोटोंवर अशी पद्धत प्रसिद्ध केली. गाभ्याचा पूर्णांकी ग्रेड 70.7 टक्के वेळा माणसाच्या ग्रेडशी तंतोतंत जुळला आणि 99 टक्के वेळा फरक एका ग्रेडच्या आत राहिला. हे चांगले काम आहे, कारण दोन डॉक्टरांतही याहून फार जास्त एकमत होत नाही. दुसरे उदाहरण ग्वांगझोच्या चोंगशान नेत्रकेंद्राचे. जन्मजात मोतीबिंदू ओळखणारी त्यांची सीसी-क्रूझर प्रणाली 2017 मध्ये आली तेव्हा खूप गाजली. मग त्यांनीच ती प्रत्यक्ष बाह्यरुग्ण विभागांत तज्ज्ञांशेजारी ठेवून तपासली. 2019 मध्ये निकाल आला: निदानाची अचूकता प्रणालीची 87.4 टक्के, अनुभवी तज्ज्ञांची 99.1. प्रयोगशाळेतला आकडा ओपीडीत आला की असा उतरतो. ते प्रामाणिकपणे छापल्याबद्दल मला त्या गटाविषयी आदर वाटतो.

भाच्याला एक गोष्ट बजावून सांगा: एका रुग्णाचे दोन्ही डोळे, आणि त्यांचे सगळे फोटो, एकाच गटात ठेव. उजवा डोळा शिकवण्याच्या गटात आणि डावा चाचणीच्या गटात गेला, की मॉडेल मोतीबिंदू न शिकता माणूस ओळखायला शिकते आणि अचूकता खोटी फुगते. आणि प्रोग्रामला 'या फोटोवरून मोजता येत नाही' असे म्हणायची मुभा दे. जुन्या मधुमेहाच्या रुग्णाची न उघडणारी बाहुली, कॉर्नियावरचे फूल, पूर्ण पांढरा झालेला मोतीबिंदू ज्यात गाभा दिसतच नाही. अशा डोळ्यांवर जबरदस्तीने काढलेला आकडा रुग्णाला घातक ठरतो.

भरवसा तपासायची रीत साधी आहे. रुग्णाला बसवा, फोटो घ्या, हनुवटी उचलायला सांगा, उठवा, पुन्हा बसवून पुन्हा फोटो घ्या. वीस-तीस जणांवर हे करा, दोन आकड्यांतला फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडा. समजा, हा फरक अर्ध्या ग्रेडपर्यंत जातोय. मग पुढच्या वर्षी कुणाचा आकडा 0.3 ने वाढला तर मोतीबिंदू वाढला असे म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. हा आलेख हाती येईपर्यंत कुठल्याही रुग्णाला त्याचा आकडा सांगू नका.

ऑपरेशनला कुणाला पाठवायचे ते दृष्टी ठरवते, आणि त्या माणसाचे काम ठरवते. आधी तक्ता, पिनहोल (बारीक छिद्रातून बघायला लावणे), चष्म्याने सुधारते का, मग बाहुलीची प्रतिक्रिया, प्रेशर, आणि जमेल तितका डोळ्याचा मागचा पडदा. दृष्टी कमी आणि मोतीबिंदू किरकोळ दिसतो, असे झाले तर कारण बहुधा भिंगाच्या मागे आहे, आणि तो रुग्ण आधी पाठवायचा. आकड्याचा उपयोग त्यानंतर आहे. गाभा किती टणक, फेकोत (ध्वनिलहरींनी गाभा फोडून काढायच्या शस्त्रक्रियेत) किती ऊर्जा लागेल, की गाभा अख्खा काढायची छोट्या छेदाची शस्त्रक्रिया बरी, याचा अंदाज सर्जनला रुग्ण टेबलावर येण्याआधी मिळतो. शिबिरात अडीचशे डोळे तपासून झाल्यावर कठीण गाभे ज्येष्ठ सर्जनच्या यादीत घालता येतात.

माझी खरी भीती वेगळीच आहे. "पिकू द्या, मग काढू" ही जुनी समजूत गावोगाव अजून जिवंत आहे. आपण छापील कागदावर '52 टक्के' लिहून दिले, की घरचे म्हणणार, शंभर होऊ दे, सुगी आटोपू दे. भिंग फुगून किंवा अति पिकून आतले प्रेशर चढते, काचबिंदू होतो, आणि मग मोतीबिंदू काढूनही गेलेली नजर परत येत नाही. 2015 ते 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वापैकी 66.2 टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे होते. यातले बहुतेक लोक बरे होऊ शकणारे होते. त्यांना थांबायला आणखी एक कारण आपल्या हातून मिळू नये.

म्हणून रुग्णाच्या कागदावर टक्के छापू नका. तिथे दृष्टी लिहा, उन्हात काय होते ते लिहा आणि सल्ला लिहा. गाभ्याचा ग्रेड, रंगाचे गुणोत्तर, मधल्या 3 मिलिमीटरचा आकडा, बाहुलीचा व्यास आणि करड्या कार्डाची त्या दिवशीची नोंद हे सर्जनला जाणाऱ्या पत्रात असू द्या. फोटो जपून ठेवताना नाव आणि नोंदणी क्रमांक काढून टाका, रुग्णाची संमती मराठीत वाचून दाखवून घ्या. आणि ड्रॉप तुम्हीच घाला, तेही पुढचा कप्पा उथळ नाही ना ते बघून. अरुंद कोनाच्या डोळ्यात बाहुली मोठी केली तर प्रेशर एकदम चढू शकते. हे काम भाच्यावर सोपवू नका, तो कितीही हुशार असला तरी.